बॅटमॅनच्या पानावरची सही

मुखपृष्ठावर मे १९३९ ही तारीख असलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा अवतरला. सहा पानांची ती गोष्ट आज वाचताना बेताचीच वाटते. एका रसायन कंपनीच्या भागीदारांवर एकामागून एक हल्ले होतात, त्यामागचा सूत्रधार अखेर आम्लाच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅन यत्किंचितही न हळहळता, असल्या माणसाला हाच शेवट शोभतो, असे म्हणून मोकळा होतो. त्याचे हातमोजे चक्क जांभळे आहेत. शेवटच्या चौकटींत एक दार हळूच उघडते आणि कळते की हा बुरखेधारी म्हणजे पोलीस आयुक्तांकडे कंटाळलेल्या चेहऱ्याने पाइप ओढत बसलेला धनिक तरुण ब्रूस वेन. गोष्टीच्या आरंभी एकच सही आहे, ती रॉबर्ट ऊर्फ बॉब केनची. गोष्ट लिहिली होती बिल फिंगरने. त्याचे नाव अंकात कुठेही नाही.

हे नाव बॅटमॅनच्या निर्मात्यांमध्ये अधिकृतपणे छापले जायला २०१५ साल उजाडावे लागले. एवढ्या काळात बॅटमॅनवर मालिका झाल्या, चित्रपट झाले, शाळकरी मुलांच्या डब्यांवर आणि दप्तरांवर त्याचे चित्र आले, आणि जिथे जिथे ‘निर्माता’ म्हणून नाव देण्याची वेळ आली तिथे तिथे केनचे एकट्याचे नाव आले. हा कुणा एका माणसाच्या लबाडीचा किस्सा म्हणून सांगण्याची आता पद्धत पडली आहे. मला तो तसा सांगायचा नाही. लबाडी होती की नव्हती यापेक्षा, ती करारात लिहून कायदेशीर करता आली, हे मला अधिक गंभीर वाटते. कलाकृतीचे हक्क विकता येतात, तिच्यावरचे उत्पन्न विकता येते. पण ती कोणी केली हे एक घडून गेलेले वास्तव आहे, आणि वास्तवाची खरेदी-विक्री करण्याची मुभा कोणत्याही करारात असता कामा नये, असे माझे म्हणणे आहे.

आधी घडले काय ते पाहू. जून १९३८च्या अंकातून सुपरमॅन आला आणि प्रकाशकांच्या लक्षात आले की असा आणखी एखादा नायक हाती लागला तर सोन्याची खाण सापडेल. संपादक व्हिन सलिव्हन यांनी केनला विचारले आणि केनने सुट्टीच्या दोन दिवसांत एक रेखाटन तयार केले. ते त्याने फिंगरला दाखवले. फिंगर तेव्हा चपला-बुटांच्या दुकानात विक्रेत्याचे काम करून फावल्या वेळात केनसाठी गोष्टी लिहीत असे. त्या रेखाटनाचे वर्णन फिंगरने पुढे सांगून ठेवले आहे: लाल रंगाचा घट्ट पोशाख, पायांत बूट, हातमोजे नाहीत, डोळ्यांपुरती छोटी पट्टी, आणि पाठीला दोन ताठ पंख. दोराला लोंबकळणारा असा एक माणूस, आणि खाली ठळक अक्षरांत ‘बॅटमॅन’. नाव तेवढे होते. आज आपण ज्याला बॅटमॅन म्हणून ओळखतो त्यातले दुसरे फारसे काही नव्हते. फिंगरने फळीवरचा वेबस्टरचा शब्दकोश काढला, त्यातले वटवाघळाचे चित्र केनला दाखवले आणि त्याच्या कानांकडे बोट केले. पट्टीऐवजी डोके झाकणारा, कान उभे असलेला बुरखा घाल, पंखांऐवजी कडा कातरलेली झूल दे, म्हणजे तो धावला की ती पंखांसारखी पसरेल, लाल काढून करडा आणि काळा वापर, डोळ्यांत बुबुळे दाखवू नकोस, हातमोजे दे, अशा सूचना त्याने केल्या. ब्रूस वेन हे नाव त्याचे. पुढे बॅटमॅनच्या शहराला ‘गॉथम’ हे नाव दिले तेही त्यानेच, टेलिफोनच्या डिरेक्टरीत एका जवाहिऱ्याच्या दुकानाचे नाव दिसले म्हणून.

या सूचना नीट वाचल्या तर लक्षात येते की त्यांतल्या बहुतेक सूचना चित्राच्या आहेत. ‘लेखकाने गोष्ट रचली आणि चित्रकाराने नायक घडवला’ ही सोयीची वाटणी इथे टिकत नाही. फिंगर संहितेसोबत मासिकांतून कापलेली छायाचित्रे जोडून पाठवत असे, म्हणजे पूल असेल तर तो कसा दिसतो, यंत्र असेल तर त्याचे दांते कुठे असतात, हे चित्रकाराला शोधत बसावे लागू नये. माणसापेक्षा अनेक पट मोठ्या टंकलेखन यंत्राच्या कळांवरून बॅटमॅन आणि रॉबिन उड्या मारत आहेत, अशा चौकटी त्या काळच्या अंकांत वारंवार दिसतात. अशी अवाढव्य सामग्री हा फिंगरचा छंदच होता. कॉमिक्समध्ये लिहिणे हे बऱ्याच अंशी बघणेच असते. चौकटीत काय दिसावे हे ठरवणाऱ्या माणसाला नुसता ‘मजकूर पुरवणारा’ म्हणणे म्हणजे वास्तुरचनाकाराला ‘कागद पुरवणारा’ म्हणण्यासारखे आहे.

केनचा वाटा शून्य होता असे मात्र म्हणता येणार नाही, आणि हल्ली तसे म्हणण्याची जी चढाओढ लागली आहे ती मला पटत नाही. त्याची रेषा ताठर होती, शरीररचनेचे ज्ञान कच्चे होते, आणि त्या पहिल्या मुखपृष्ठावरची दोराने झेपावणारी आकृती त्याने ॲलेक्स रेमंडच्या ‘फ्लॅश गॉर्डन’ या चित्रमालिकेतून उचलली होती, हे सगळे खरे. तरीही पहिल्या वर्षातली पाने पाहिली की छपरांमागचा मोठा चंद्र, भिंतीवर पडलेली माणसापेक्षा लांब सावली, काळ्या आकृतीचे टोकदार कान, यांतून एक वातावरण तयार होते, आणि त्यातले काही श्रेय त्या कच्च्या हाताला द्यावेच लागते. उचलेगिरीचे म्हणाल तर फिंगरही त्यातून सुटलेला नाही. आपली पहिली गोष्ट ‘शॅडो’ या त्या काळच्या स्वस्त मासिकांतल्या नायकाच्या एका कथेवरून बेतली होती, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. दोघेही घाईत होते, दोघेही विशीतले होते, आणि दहा सेंटांच्या त्या कागदाला कोणी जपून ठेवील असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल. त्या अंकाची एक प्रत २०१० साली लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली.

पण खरा घोळ पुढे झाला. केनने प्रकाशकांशी जो करार केला त्यात बॅटमॅनच्या गोष्टींवर एकट्या त्याचेच नाव येईल अशी अट होती. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १३० डॉलरला सगळे हक्क देऊन टाकले होते. त्यांच्या तुलनेत केन व्यवहारात कितीतरी चतुर ठरला, आणि त्या चतुराईची किंमत इतरांनी मोजली. कारण अट केनच्या नावाची होती, केनच्या हाताची नव्हती. १९३९ मध्ये सतरा वर्षांचा जेरी रॉबिन्सन शाईकामाला, म्हणजे पेन्सिलीच्या रेषांवर शाई चढवायला, आला आणि त्याने त्या ताठर रेषेत जीव ओतला. चाळीसच्या दशकात डिक स्प्रँग आला. त्याचा बॅटमॅन एकदा पाहिला की विसरता येत नाही: छाती पिंपासारखी, हनुवटी चौकोनी दगडासारखी, आणि चौकटीतला कॅमेरा कधी थेट छताला तर कधी जमिनीलगत. पन्नासच्या दशकात शेल्डन मोल्डॉफ आला आणि पुढची चौदाएक वर्षे केनच्या नावाने पाने काढत राहिला. एका पिढीने ज्याला ‘बॉब केनची शैली’ समजून डोक्यावर घेतले ती निदान तीन-चार वेगवेगळ्या माणसांची शैली होती. नजर तयार असलेल्या वाचकांना ते कळत होते, नाव मात्र ठाऊक नव्हते. पानावरची सही ही पान कोणी काढले याची साक्ष असते, या साध्या समजुतीलाच त्या कराराने सुरुंग लावला होता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. करार हा करार असतो, फिंगरला त्याच्या कामाचे पैसे मिळत होते, आणि त्याने आयुष्यभर आपल्या नावासाठी फारशी तक्रार केली नाही. मग आपण कोण त्याच्या वतीने भांडणारे? शिवाय तो वेळेवर काम देत नसे, म्हणून संपादक त्याच्यावर वैतागलेले असत. हे सारे खरे धरले तरी त्यातून निष्कर्ष काय निघतो? उशिरा दिलेले काम हे उशिरा दिलेले काम असते, ते दुसऱ्याने केलेले काम होत नाही. आणि गप्प बसण्याला संमती मानायचे असेल तर, ज्याचे महिन्याचे भाडे पुढच्या गोष्टीवर अवलंबून आहे त्याचे गप्प बसणे किती स्वेच्छेचे असते, हाही प्रश्न विचारावा लागेल. करार दोन पक्षांत होतो. ‘हे कोणी केले’ या प्रश्नात तिसरा पक्ष असतो तो वाचक, आणि त्याची फसवणूक करण्याचा अधिकार उरलेल्या दोघांना कोणी दिला?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सामूहिक कामात श्रेय वाटत गेले तर थांबायचे कुठे? बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर याचेच उदाहरण घ्या. रॉबिन्सन म्हणत असे की पत्त्यातल्या विदूषकाचे चित्र काढून ती कल्पना त्याने मांडली. केनचे म्हणणे होते की कल्पना त्याची आणि फिंगरची, आणि चेहरा घेतला तो एका मूकपटातल्या कॉनराड फाइट या नटाच्या छायाचित्रावरून, जे फिंगरने आणून दिले होते. तिघेही आता हयात नाहीत आणि हा वाद मिटण्यासारखा नाही. पण मिटत नाही म्हणून एकाचेच नाव छापायचे, हा न्याय कुठला? ज्या वेळी नक्की सांगता येत नाही त्या वेळी तिघांची नावे द्यावीत. नावे छापायला कागद कमी पडतो असे म्हणणाऱ्याने चित्रपटाच्या शेवटची श्रेयनामावली आठवावी. तिथे चहा देणाऱ्याचेही नाव सरकत जाते आणि त्याने दिग्दर्शकाचे काही कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

नावांची यादी लांबवण्याला माझा आग्रह का आहे, ते एका पुस्तकावरून सांगतो. १९८८ मध्ये बॅटमॅन आणि जोकरवरची ‘द किलिंग जोक’ ही चित्रकथा निघाली. रेखाटन ब्रायन बोलँडचे आणि रंग जॉन हिगिन्सचे. हिगिन्सने त्यात जांभळे, नारिंगी, हिरवट असे जत्रेतल्या दिव्यांसारखे भडक रंग वापरले, आणि त्यामुळे ती गोष्ट ताप चढलेल्या माणसाला पडलेल्या स्वप्नासारखी झाली. वीस वर्षांनी बोलँडने स्वतः ती सगळी पाने पुन्हा रंगवली. रंग थंड झाले, जोकरच्या भूतकाळाची दृश्ये करडी झाली आणि त्यांत एखादीच वस्तू लाल उरली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचा. शब्द तेच, रेषा बहुतांशी त्याच, आणि तरी ती दोन वेगळी पुस्तके आहेत. मला पहिले अधिक आवडते, पण तो मुद्दा नाही. रंगकाराच्या बदलाने पुस्तक बदलत असेल तर रंगकार हा त्याचा एक कर्ता आहे, आणि त्याचे नाव हे सौजन्य म्हणून नव्हे तर माहिती म्हणून छापले पाहिजे.

फिंगरच्या बाबतीत ही माहिती बाहेर यायला किती काळ लागला पाहा. १९६५ मध्ये जेरी बेल्स या चाहत्याने फिंगरशी बोलून पहिल्यांदा त्याच्या वाट्याविषयी लिहिले. केनने लांबलचक पत्र लिहून ते खोडून काढले. पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीवरच्या बॅटमॅन मालिकेतल्या घड्याळवेड्या खलनायकाच्या दोन भागांवर सहलेखक म्हणून फिंगरचे नाव झळकले. पडद्यावर बॅटमॅनशी जोडलेले त्याच्या हयातीतले ते एकमेव नाव. १९७४च्या जानेवारीत तो गेला. त्याला थडगे नाही. त्याच्या मुलाने ओरेगनच्या समुद्रकिनारी वाळूवर त्याची रक्षा वटवाघळाच्या आकारात पसरली आणि लाटांनी ती नेली. १९९८ मध्ये वारलेल्या केनच्या लॉस एंजेलिसमधल्या थडग्यावर मात्र बॅटमॅन हे त्याला मिळालेले दैवी देणे होते अशा अर्थाचा भलामोठा मजकूर कोरलेला आहे, आणि त्यात फिंगरचा उल्लेख नाही. तरी याच केनने १९८९ मध्ये आपल्या आत्मचरित्रात कबूल केले होते की मागे जाता आले असते तर आपण फिंगरचे नाव घातले असते. मागे जाण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी आलेल्या भव्य चित्रपटावर ‘निर्माता बॉब केन’ एवढेच झळकले.

शेवटी कामाला आली ती मार्क टायलर नोबलमन या बालसाहित्यिकाची चिकाटी. फिंगरला वारस उरलेला नाही असे सगळे धरून चालले असताना त्याने फिंगरची नात शोधून काढली. तिने पुढे केलेल्या प्रयत्नांनंतर सप्टेंबर २०१५ मध्ये बॅटमॅनची प्रकाशक कंपनी डीसी हिने फिंगरचे नाव देण्याचे जाहीर केले, आणि पुढच्या महिन्यापासून ते अंकांत दिसू लागले. मात्र शब्द कोणते आले? केन ‘आणि’ फिंगर असे नाही, तर केन, फिंगर‘सह’. इंग्रजीतल्या ‘अँड’ आणि ‘विथ’ या दोन शब्दांत जे अंतर आहे ते लग्नपत्रिकेतले निमंत्रक आणि ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिमुकली यांच्यातल्या अंतराइतके आहे. केनच्या जुन्या अटीला धक्का न लावता जेवढे बसवता आले तेवढे बसवले. पाऊणशे वर्षांनंतरही करार हलला नाही, त्याच्या शेजारी थोडी जागा झाली इतकेच.

अमेरिकी कायद्यात याला उत्तर नाही. तिथे मोबदला देऊन करवून घेतलेल्या कामाचा कर्ता कायद्याच्या दृष्टीने काम करवून घेणाराच असतो. चित्रकारांच्या नैतिक हक्कांसाठी, म्हणजे कृती आपली आहे असे सांगण्यासारख्या, पैशांपलीकडच्या हक्कांसाठी, तिथे १९९० मध्ये कायदा झाला, पण त्यातून पुस्तके, मासिके आणि असे करवून घेतलेले काम वगळले आहे. म्हणजे कॉमिक्सच्या चित्रकाराला जिथे गरज तिथेच तो संपतो. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा या एका बाबतीत कितीतरी पुढे आहे. त्याचे ५७वे कलम सांगते की हक्क पूर्ण किंवा अंशतः दुसऱ्याच्या नावे केले तरी, कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क शाबूत राहतो. विज्ञान भवनातून काढून टाकलेल्या अमरनाथ सेहगल यांच्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली याच कलमाचा आधार घेतला आणि शिल्पाचे अवशेष कलावंताला परत देण्याचा आदेश दिला.

कलम चांगले आहे. अडचण अशी की हक्क सांगायला आधी माणूस उभा राहावा लागतो. सेहगल नामवंत होते, त्यांच्यापाशी खटला लढण्याचे बळ होते. पानामागे ठरलेला दर घेऊन चित्रे काढणारा तरुण पुढचे काम जाईल या भीतीने ५७व्या कलमाचे नाव तोंडातून काढत नाही. गेल्या वर्षी एका पुस्तक प्रदर्शनात मी लहान मुलांचे एक सुरेख पुस्तक हाती घेतले. प्रत्येक पानभर चित्र, खाली दोन ओळी मजकूर. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर होते. चित्रकाराचे नाव मी मुखपृष्ठ, मलपृष्ठ, श्रेयपृष्ठ सगळीकडे शोधले. विक्रेत्याला विचारले तर तो सहज म्हणाला, “चित्रं त्यांनी ऑफिसातच करून घेतली असतील.” असतीलही. पण ऑफिसला हात नसतात.

मराठी वाचकाला चित्रकाराची किंमत कळत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. दीनानाथ दलालांची आणि रघुवीर मुळगावकरांची सही मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात दिसली की लोक दिवाळी अंक उचलत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुळगावकरांनी केलेली मुखपृष्ठे कित्येकांना आतल्या कथेपेक्षा अधिक आठवतात. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ अशी नाममुद्रा असलेल्या, आणि तुकोबांचे अभंग लिहून घेणाऱ्या संताजी जगनाडे यांचेही नाव लक्षात ठेवणाऱ्या भाषेला हे नवे नाही. तरी नागराज या हिंदी सुपरहिरोला सुरुवातीच्या काळात रूप देणारे प्रताप मुळीक पुण्याचे होते, हे आज त्या गोष्टींवर वाढलेल्या किती जणांना सांगता येईल? म्हणून मला वाटते की कलमावर विसंबून न राहता प्रकाशकांवरच बंधन हवे: संहिता, रेखाटन, शाई, रंग, अक्षरलेखन ज्यांचे असेल त्यांची नावे प्रत्येक आवृत्तीत छापली गेली पाहिजेत, आणि ती वगळण्याची अट असलेला करार त्या अटीपुरता रद्दबातल समजला गेला पाहिजे. सरकारी खरेदीच्या आणि शालेय ग्रंथालयांच्या यादीत पुस्तक घेताना एवढी एक गोष्ट तपासली तरी सुरुवात होईल.

काही उत्साही चाहते एक पाऊल पुढे जाऊन म्हणतात की जुन्या अंकांच्या पुनर्मुद्रणातून केनची ती एकट्याची सही आता पुसून टाकावी. मला ते मान्य नाही. हल्ली जुन्या गोष्टींचे जे जाडजूड संग्रह निघतात त्यांच्या अनुक्रमणिकेत प्रत्येक गोष्टीपुढे फिंगर, रॉबिन्सन, स्प्रँग अशी खरी नावे दिलेली असतात, आणि पाने उलटून गोष्टीपाशी आले की चौकटीत केनची सही जशीच्या तशी असते. ती तशीच असू द्यावी. एकाच पुस्तकात दहा-वीस पानांच्या अंतरावर ही दोन विधाने एकमेकांना खोटे पाडत राहतात, आणि वाचणाऱ्या मुलाने मध्येच थांबून, हे दोन्ही कसे काय, असे कुणाला तरी विचारावे, इतपत ती ठळक दिसतात.